उसनी ओळ

डिसेंबरात कोल्हापूरला एका लग्नाला गेले होते. नातं तसं लांबचं, पण मंगलाष्टकांची दोन कडवी माझ्याकडे होती, त्यामुळे आहेराच्या पाकिटापेक्षा पर्समधल्या घडी घातलेल्या कागदाची काळजी जास्त. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा. अंतरपाट धरून झाला होता, दोन्हीकडचे मामा उगाचच गंभीर चेहरे करून उभे होते, गुरुजी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला आणि तो नेहमीप्रमाणे आधी किंचाळला. मग मी गायले. आवाज बरा लागला. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ला अक्षता पडल्या, त्यातल्या दोन-चार माझ्या उघड्या तोंडात गेल्या. खाली उतरल्यावर दोन बायकांनी हात धरून सांगितलं, “काय ओळ बसलीय हो ती, आजीच्या पदराची!” मी लाजल्यासारखं केलं. ओळ अशी होती: ‘आजीच्या पदरात जी दडतसे, ती आज झाली वधू.’

जेवायच्या रांगेत मधुरा भेटली. माझ्या मावसबहिणीची मुलगी. (नावं सगळी बदलली आहेत, मापं मात्र तीच ठेवली आहेत. मापं म्हणजे काय, ते पुढं येईल.) ताटात मसालेभात, हातात मठ्ठ्याचा ग्लास, आणि इकडचं तिकडचं काही न विचारता ती एकदम म्हणाली, “मावशी, ती ओळ माझी होती ना गं?” मी “अगं, म्हणजे...” असं काहीतरी पुटपुटले. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. “राहू दे गं,” म्हणाली, “पण हिची आजी कायम पंजाबी ड्रेसमध्ये असते. आज साडी नेसलीय ती पण सगळी पिनांवर उभी आहे. पदर कुठनं आणलास तू?” आणि हसून जिलेबी आणायला गेली.

माझ्यासाठीही दोन आणल्या.

मधुराचं लग्न २०१४ च्या मे महिन्यात सांगलीत झालं होतं. तेव्हा ती ओळ मी तिच्यासाठी लिहिली. २०२१ मध्ये ती आणि अनिकेत वेगळे झाले, आरडाओरडा न करता, दोन्ही घरांना एकाच आठवड्यात सांगून. तिच्या बाबांनी यूट्यूबवर हौसेनं टाकलेला लग्नाचा व्हिडिओ त्यानंतर कधीतरी तिथून गेला. घरात त्या दिवसाचा उल्लेख ‘त्या मे महिन्यात’ असा व्हायला लागला, जसा एखाद्या वादळाचा किंवा पुराचा होतो. आणि मी, आता लिहितेच आहे तर खरं लिहिते, ती ओळ मोकळी झाली असं धरून चालले. लग्न मोडलं म्हणजे ओळ सुटली, असा माझा हिशोब. असा हिशोब मी मनात कधी शब्दांत मांडला नव्हता. मांडला असता तर बहुधा लाज वाटली असती.

मंगलाष्टकं करणं हे मी आत्याकडून शिकले. साताऱ्याला तिच्याकडे एक दोनशे पानी वही होती. त्या वहीत कडवी शाईनं लिहिलेली असायची आणि नावं पेन्सिलीनं. लहानपणी मला वाटायचं, नावं विसरतात म्हणून नंतर लिहीत असेल. खोडरबर घेऊन बसलेली आत्या बघितली तेव्हा कळलं. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, त्यात एका ओळीत एकोणीस अक्षरं, बारावर थांबा, मग सात. कुठलं अक्षर लघु आणि कुठलं गुरु हे ठरलेलं, तिथं दयामाया नाही. त्यामुळे प्रत्येक नावाचं माप असतं. अनिकेत म्हणजे लघु, लघु, गुरु, लघु. ओळीत तो चौथ्या अक्षरापासून सातव्यापर्यंत अलगद बसतो: ‘आला हा अनिकेत शोभुनि उभा, डोळ्यांत लाजे हसू.’ आणि त्याच खाचेत अभिजीत बसतो, अनिरुद्धही बसतो. कोल्हापूरचा नवरामुलगा अभिजीत होता हे वेगळं सांगायला नको. उलट ‘कमल’सारखं तीन लघूंचं नाव आलं की आत्या कपाळावर हात मारायची, कारण सबंध ओळीत सलग तीन लघू एकाच ठिकाणी येतात, नऊ ते अकरा, त्यामुळे कमल कुणाची आई असो की आजी, ती तिथंच येणार. मोबदला म्हणून खण आणि नारळ, फार तर एखादी साडी. पैसे घेतले की मग लोक दुरुस्त्या सुचवतात, असं आत्याचं म्हणणं होतं.

त्या दिवशी परतीच्या एसटीत खिडकीची काच नेहमीप्रमाणे अर्धी अडकलेली, जयसिंगपूरपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे मागे गाडी, आणि डोक्यात ‘पदर कुठनं आणलास’. काहीतरी दुसरं ऐकावं म्हणून मोबाइलवर येन्स लेकमन या गायकाचा नवा अल्बम लावला. नवा म्हणजे सप्टेंबर २०२५ चा. नाव ‘साँग्ज फॉर अदर पीपल्स वेडिंग्ज’. दुसऱ्यांच्या लग्नातली गाणी. अल्बम आला त्याच आठवड्यात एकदा ऐकून झाला होता, स्वयंपाक करता करता, म्हणजे न ऐकल्यासारखाच. त्या एसटीत मात्र तो माझ्याकडे बोट दाखवून बोलतोय असं वाटायला लागलं.

येन्स लेकमन हा स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा, १९८१ चा जन्म. तिथले लोक त्या गावाला योतेबोरी म्हणतात, आणि आपण गोथेनबर्ग म्हटलं की त्यांना आपण कुठल्या गावाबद्दल बोलतोय हे कळायला क्षणभर जातो. मला हे ठाऊक आहे कारण २००८ च्या ऑक्टोबरपासून पुढचे सहा महिने मी तिथं राहिले आहे. नवऱ्याला गाड्यांच्या एका कामासाठी पाठवलं होतं, मी बँकेतून बिनपगारी रजा घेऊन गेले होते. पुण्यातून आलेली आणखी चार-पाच मराठी घरं होती, शनिवारी कुणाकडे तरी मिसळ व्हायची, फरसाण भारतातून आलेलं आणि म्हणून चमच्यानं मोजून. बाकी दिवस माझे एकटीचे. डिसेंबरात दुपारी साडेतीनला अंधार. मी ट्राममध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि परत यायची, तिकीट एकच लागायचं आणि आत ऊब असायची.

असंच एकदा कोर्तेदालाला गेले. पन्नासच्या दशकात बांधलेली वस्ती, चौकोनी इमारती, मधे मधे झाडं आणि खडक, बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही. पण रस्त्यांची नावं वाचून मी थंडीत थांबलेच. जानेवारीगातान, एप्रिलगातान, कालेंडरवेगेन. गातान म्हणजे रस्ता. अख्ख्या वस्तीतल्या रस्त्यांना पंचांगातली नावं! लोक एप्रिलमध्ये उतरून पिशव्या घेऊन जानेवारीकडे चालत जात होते. मी हे फोनवर आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “मग अधिक महिना कुठं राहतो विचार.” त्याच आठवड्यात एका जुन्या सामानाच्या बाजारात एक सीडी हाताला लागली, तिच्यावर त्या वस्तीचं नाव होतं म्हणून घेतली. ‘नाईट फॉल्स ओव्हर कोर्तेदाला’, २००७ चा अल्बम. गायक कोण, काय, काही माहीत नव्हतं. घरी येऊन लावली आणि एकदम ढोल, तंतुवाद्यांचा लोंढा, जुन्या सिनेमाची पाटी पडताना वाजावं तसं काहीतरी, आणि त्यावर एक खर्जातला, जरा नाटकी, पण अगदी शेजाऱ्यासारखा आवाज. भाषा इंग्रजी, पण शाळेत शिकून नीट बोलणाऱ्या माणसाची. त्यामुळे मला शब्द कळत होते, याचंही अप्रूप वाटलं.

तो लेकमन. त्याची गाणी वाऱ्यावर उडणाऱ्या पडद्यासारखी हलकी असतात आणि शब्द ऐकले की त्या पडद्यामागे कुणीतरी रडून नुकतंच तोंड धुतलंय असं वाटतं. एका गाण्यात तो आव्होकाडो चिरत असतो, मैत्रीण मागून येऊन मिठी मारते आणि याच्या बोटाचं टोकच कापलं जातं. पुढचं सगळं गाणं त्या बोटाभोवती. दुसऱ्या एकात बर्लिनमधली मैत्रीण त्याला आपल्या वडिलांसमोर होणारा नवरा म्हणून बसवते, कारण तिचं प्रेम एका मुलीवर आहे आणि वडिलांना ते सांगता येत नाही. हा बिचारा जेवणाच्या टेबलावर खोटं बोलत बसतो. आणि ‘शिरीन’ नावाचं एक गाणं आहे: ती आपल्या राहत्या घरात केस कापते, दुकान म्हणून नोंद नाही, आणि हा तिच्या हातांचं कौतुक गाता गाता मधेच दचकतो, की हे गाणं सरकारी कानांवर गेलं तर? हे मला फार आवडायचं. गाणं गाऊन आपण कुणाचं तरी घर उघडं करतोय, याची भीती त्या गाण्यातच आहे. तेव्हा मी फक्त हसले होते.

त्याची संगीत करायची रीत मात्र मला ऐकताक्षणी ओळखीची वाटली, कारण ती आत्याच्या वहीची रीत होती. जुन्या बाजारातून तबकड्या आणायच्या, त्यातला चार सेकंदांचा एखादा तुकडा कापायचा, घंटेचा, व्हायोलिनचा, कुणाच्या तरी आलापाचा, तो फिरवत ठेवायचा आणि त्यावर आपलं गाणं उभं करायचं. याला सॅम्पल म्हणतात. कडवं दुसऱ्याच्या शाईतलं, नाव आपल्या पेन्सिलीचं. विसाव्या-बाविसाव्या वर्षी घरात बसून हे उद्योग करणाऱ्या पोराला कुठला हक्क आणि कुठली परवानगी. पहिला मोठा अल्बम २००४ चा, त्यातच ते गाणं आहे ज्यानं पुढचं सगळं रामायण केलं. कधी लग्नात गायला कुणी परका माणूस लागलाच तर मला बोलवा, अशा अर्थाचं. गाणाऱ्याचं स्वतःचं काही जमलेलं नाही, निदान दुसऱ्यांच्यात उभं राहू द्या, असा त्यातला सूर. उपरोधानं म्हटलेलं. पण लोक साधे असतात, त्यांनी खरंच बोलवायला सुरुवात केली. परकी माणसं पत्रं लिहून विचारायला लागली आणि हा जायलाही लागला. गेली वीस वर्षं तो लग्नांत गातो आहे.

हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले. अरे, हा तर आमच्यातलाच.

मधल्या वर्षांत मी त्याला सोडून दिला होता असं नाही, पण मुलाची दहावी, सासूबाईंचं आजारपण, बँकेतल्या बदल्या, यात गाणी ऐकायची जागाच राहिली नाही. तो मात्र काही ना काही करत राहिला. मेलबर्नला जाऊन राहिला, प्रेमभंग झाला, त्याचा २०१२ मध्ये ‘आय नो व्हॉट लव्ह इझन्ट’ हा अल्बम केला. त्याच्या मुख्य गाण्यात तिथं राहायला मिळावं म्हणून मैत्रिणीशी नुसतं कागदावर लग्न करावं का, अशी गंमत चालते. २०१५ मध्ये वर्षभर दर आठवड्याला एक, अशी ५२ गाणी केली. त्याच वर्षी परक्या माणसांना समोर बसवून, त्यांच्या गोष्टी ऐकून, त्यांच्यासाठी गाणी लिहिली. २०१८ मध्ये आनिका नोर्लिन या गायिकेशी महिन्या-महिन्याला गाण्यांतून पत्रव्यवहार केला. २०१७ च्या अल्बमातल्या एका गाण्यात १९९७ सालचा एक कोवळा धर्मप्रचारक भेटतो आणि त्याच्याशी बोलता बोलता हा पोरगा आपण काय करायचं ते ठरवतो: बोलणारी तोंडं जगात पुष्कळ आहेत, आपण ऐकणारा व्हायचं. त्याच अल्बमात एक मित्र आपल्या काढून टाकलेल्या गाठीची थ्रीडी प्रिंटरवर केलेली प्रतिकृती खिशात घालून बारमध्ये येतो. लोक आपल्या आयुष्यातलं काय काय या माणसाच्या हातात ठेवतात बघा, आणि तो ते गाण्यात घालतो.

मग २०२२ मध्ये त्याच्या उसनवारीची वसुली आली. मार्चमध्ये ‘नाईट फॉल्स ओव्हर कोर्तेदाला’ मागे घेतला गेला. कारण तेच, कापलेल्या तुकड्यांचे हक्क. त्याआधीचा २००५ चा एक संग्रह असाच कधीचा बंद झाला होता. मी एका रविवारी सहज मोबाइलवर शोधायला गेले तर यादीत गाण्यांची नावं होती, पण राखाडी, दाबलं तरी ढिम्म. माझी सीडी कपाटात होती, पण घरात सीडी लावायला काहीच उरलं नव्हतं. लॅपटॉपच्या बाजूला जिथं खण असायचा तिथं आता गुळगुळीत कड आहे. मी ती चकती हातात धरून उजेडात फिरवत बसले होते. सहा महिन्यांची थंडी तिच्यात होती, ट्रामच्या उबेसकट, आणि ती बाहेर काढायची सोय नव्हती. त्याच वर्षी त्यानं त्या दोन्ही अल्बमांच्या जागी दोन नवे काढले. जुनीच गाणी. कुठं जुनं ध्वनिमुद्रण ठेवलं, कुठं उसना तुकडा काढून तिथं नव्यानं वाजवून घेतलं, वर एक-दोन विसरलेली गाणी घातली. नावं दिली ‘द चेरी ट्रीज आर स्टिल इन ब्लॉसम’ आणि ‘द लिंडन ट्रीज आर स्टिल इन ब्लॉसम’. चेरीची झाडं अजून फुललेली आहेत, लिंडनचीही. मी ऐकली. पहिल्यांदा चिडले. जिथं माझा कान एक जुनी, जराशी खरखरीत जागा शोधत होता तिथं स्वच्छ धुतलेली जागा होती. दहाव्यांदा ऐकताना लक्षात आलं की मी शोधत होते ती खरखर गाण्यातली नसून माझ्या सीडीवरच्या ओरखड्याची होती.

नवा अल्बम या सगळ्यानंतरचा. त्यात ‘जे’ (इंग्रजी J) नावाचा एक लग्नगायक आहे. तो जोडप्यांना आधी भेटतो, तुमचं कसं जमलं विचारतो, आणि लग्नासाठी फक्त त्यांचं असं एक गाणं लिहितो. त्याची मैत्रीण ‘व्ही’ न्यूयॉर्कला जाते, आणि दुसऱ्यांच्या लग्नांत गात हिंडणाऱ्या ‘जे’चं स्वतःचं हळूहळू उसवत जातं. हीच गोष्ट डेव्हिड लेव्हिथन या अमेरिकन लेखकानं त्याच नावाच्या कादंबरीत सांगितली आहे, गाणी लेकमनची. अल्बम लांब आहे, माझ्या मते जरा जास्तच. काही गाणी गोष्ट पुढं ढकलायला लिहिल्यासारखी वाटतात, टपाल टाकायला निघालेल्या माणसासारखी घाईत. पण ‘कँडी फ्रॉम अ स्ट्रेंजर’सारखं गाणं लागलं की वय वीस वर्षांनी उतरतं, तीच झुळूक, तेच जुन्या नाचगाण्यांच्या वळणाचं संगीत, आणि आवाज आता थोडा जाड झालेला, कडांवर झिजलेला. मिरजेच्या अलीकडे गाडी फाटकाला थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चेष्टेवारी म्हणत आले तो ‘आमच्यातला’ माणूस एका बाबतीत अजिबात आमच्यातला नाही. तो जोडप्याला भेटून विचारतो. मी कोल्हापूरच्या मुलीला एकदाही फोन केला नव्हता. मुलाच्या आईकडून व्हॉट्सॲपवर नावांची यादी आली, मी मापं तपासली, खोडरबर चालवला, झालं.

आणि मधुराची ओळ तर विचारूनही लिहिलेली नव्हती. ती मला माहीतच होती. मधुराची आजी म्हणजे माझी सख्खी मावशी. तिची ती निळसर काळी इरकल, तांबड्या काठाची, धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की पदर तोंडावर घेतला तर आरपार दिसायचं. मधुरा पाहुणे आले की त्या पदरात शिरायची आणि आपण कुणाला दिसत नाही असं समजायची, दोन पाय बाहेर. मावशी तशीच उभी राहून पाहुण्यांशी बोलायची, चहा ओतायची, जणू तिथं कुणी नाहीच. पण ही गोष्ट इथं संपत नाही. त्या पदराला कापराचा आणि तपकिरीचा वास यायचा हे मी मधुराला विचारून लिहिलं नसतंच, कारण तो वास मला ठाऊक होता. मधुराच्या पंचवीस वर्षं आधी त्याच पदरात मी लपले होते. माझ्या वडिलांचा आवाज चढला की मी पळत पळत मावशीकडे जायची, दोन गल्ल्या सोडून. तर मग ओळ कुणाची? २०१४ मध्ये मी ती मधुराला दिली तेव्हा एक प्रकारे माझीच वस्तू दिली होती. परत घेतली तर चोरी कशी? असा मुद्दा मी एसटीत मनातल्या मनात तयार केला, चांगला घासूनपुसून, आणि सांगली स्टँडवर उतरेपर्यंत तो माझा मलाच पटेनासा झाला. मावशी २०१९ मध्ये गेली. ती इरकल मधुराकडे आहे, माझ्याकडे नाही.

दोन दिवसांनी मी कोल्हापूरच्या मुलीला फोन केला. लग्नाच्या गडबडीतून नुकती बाहेर आलेली, आवाज बसलेला. आजीबद्दल विचारलं. तिला आधी कळेचना की मला काय हवंय. मग सुटली. आजी स्कूटी चालवते. अजूनही. शाळेत सोडायला, क्लासला, नंतर हिच्या नोकरीच्या मुलाखतीला, रंकाळ्यावर रगडा पॅटिस खायला, सगळीकडे आजीच्या मागे बसून. साडीत पाय अडकतो म्हणून तिनं पन्नाशीत ड्रेस घालायला सुरुवात केली, तेव्हा घरात आठवडाभर धुसफुस झाली होती. मी फोन ठेवला आणि कागद घेतला. तासाभरात झालं: ‘स्कूटीने फिरवी जिला सहज जी, आजी तिची ही पहा!’ वृत्त चोख, बारावर थांबा. ही ओळ दुसऱ्या कुठल्याच लग्नात चालणार नाही, आणि त्यामुळे वहीच्या दृष्टीनं ती अगदी बिनकामाची आहे. मुलीला पाठवली, तिनं आजीला दाखवली, आजीनं अंगठा पाठवला. लग्न होऊन गेलेलं असताना मंगलाष्टक बदलणं हा प्रकार आमच्या घराण्यात पहिल्यांदाच झाला असावा. आत्या असती तर म्हणाली असती, अक्षता परत गोळा करणार आहेस का?

मग धीर करून मधुरालाही पाठवली. खाली लिहिलं, तुझी ओळ काढून घेतली आहे तिथून. तिचं उत्तर रात्री उशिरा आलं. आधी हसणारे तीन चेहरे. मग, “भारी आहे. हिची आजी आवडली.” मग बराच वेळ ती काहीतरी लिहितेय असं दिसत राहिलं, थांबलं, परत दिसलं. शेवटी आलं ते असं: “माझी मला परत देशील? पण पुढचं बदलून दे. पहिली बारा अक्षरं राहू देत.”

तेव्हापासून तो कागद स्वयंपाकघरात मीठाच्या बरणीखाली आहे. ‘आजीच्या पदरात जी दडतसे,’ आणि पुढं मोकळी जागा. सात अक्षरं हवीत. ‘ती आज मोठी असे’ लिहून खोडलं, शाळेच्या फळ्यावरचं वाटलं. ‘ती एकटी राहते’ बसतं, माप अगदी बरोबर, आणि ते मी लिहून लगेच कागद उलटा केला. ‘ती हासते आजही’ हेही बसतं, पण ते जिलेबी आणायला गेली तेव्हाचं हसणं आहे आणि ते मी तिला परत देणार नाही. काल भाकऱ्या करताना परातीवर बोटांनी मोजत होते, गुरु गुरु लघु, गुरु गुरु लघु, गुरु. नवरा म्हणाला, आता कुणाचं लग्न आहे? मी म्हटलं, कुणाचं नाही. मोबाइलवर लेकमन चालू होता, पीठ लागलेल्या हातानं तो बंद करता येईना, म्हणून पुढचं गाणंही लागलं.